सर्व्हर कायले शिकतं?

वाशिम जिल्ह्यात सातबारा काढायला गेलेला शेतकरी, रेशनच्या रांगेत अंगठा लावायला थांबलेली म्हातारी आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला सेतू केंद्रात बसलेला विद्यार्थी, या तिघांनाही एकच उत्तर मिळू शकतं: सर्व्हर डाऊन आहे, उद्या या. ते ऐकून तिघंही मुकाट्यानं घरी जातात. हा सर्व्हर असतो कुठं, सांभाळतं कोण, डाऊन म्हणजे त्याला नेमकं झालं काय, असं कुणी विचारत नाही. पीकविम्याचे पैसे अडले तर मोर्चा काढणारे आम्ही, सर्व्हरपुढं मात्र हात जोडून उभे असतो.

आणि याच जिल्ह्यातल्या बीसीएच्या किंवा डिप्लोमाच्या एखाद्या पोट्ट्यानं ‘मला लिनक्स सर्व्हर लावायला आणि सांभाळायला शिकायचंय’ असं तोंडातून काढलं, की पाटणी चौकातल्या टपरीपासून कॉलेजच्या स्टाफरूमपर्यंत एकच सूर निघतो. “कायले शिकतं बापा? वाशिमात कुठं सर्व्हर आहे?”

या मंडळींचं म्हणणं आधी पूर्ण मांडतो, म्हणजे सोयीचं तेवढं उचललं असा आरोप नको. वाशिम हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा काढलेला जिल्हा. सोयाबीन आणि तुरीवर जगणारा, २०१८ साली केंद्र सरकारच्या ‘आकांक्षित’, म्हणजे मागं राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत गेलेला. इथं आयटी कंपनी नाही, म्हणून सर्व्हरची नोकरी नाही. ज्याला ती हवी त्यानं पुण्याला जावं, तिथं कंपनी शिकवतेच. तसंही सगळं आता क्लाऊडवर गेलं, सर्व्हर सांभाळायचं काम संपलं. उरलंसुरलं एआय करील. शिवाय हे सगळं इंग्रजीत. शिवाय इथं लाइन जाते. शिवाय लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली फुकट मिळते, आणि फुकटची वस्तू काय कामाची? तेव्हा पोरानं एमएस-सीआयटी करावं, टायपिंगची परीक्षा द्यावी आणि अभ्यासिकेत जागा धरावी.

ऐकायला मोठं व्यवहारी वाटतं. आता यातलं एकेक वाक्य जरा उजेडात धरू.

नोकरीचं आधी. वाशिमात सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या जागेची जाहिरात निघत नाही, हे खरं आहे. पण हा निकष तुम्ही दुसरीकडं कुठं लावता? रिसोडपासून कारंज्यापर्यंत अभ्यासिका भरलेल्या आहेत. जागा किती आणि अर्ज किती, हे गणित तिथल्या प्रत्येक पोराला पाठ असतं. त्याला कोणी ‘कायले’ विचारत नाही. उलट घरून डबा जातो. बहुतेकांना कधीच न लागणाऱ्या नोकरीमागं ऐन उमेदीची वर्षं घालणं हा शहाणपणा, आणि दोन-तीन महिने एक मशीन खोलून बघणं हा वेळेचा अपव्यय? हा कुठला हिशेब आहे, राजेहो?

आणि वाशिमात सर्व्हर नाही, हे तर धडधडीत खोटं आहे. कुठल्याही पतसंस्थेत, बऱ्यापैकी दवाखान्यात, जिनिंगमध्ये, कृषी सेवा केंद्रात आत जाऊन बघा. कोपऱ्यातल्या टेबलाखाली एक काळा डबा घुरघुरत असतो. त्याच्यावर मागच्या दसऱ्याचं हळदकुंकू असतं आणि झेंडूची वाळकी पाकळी. सगळ्या खात्यांचा, सगळ्या पेशंटांचा, सगळ्या उधारीचा हिशेब त्याच एका डब्यात. आत बहुधा कुणाकडून तरी आणून टाकलेलं चोरीचं विंडोज. बॅकअप? आहे की, एका पेनड्राइव्हवर आहे, आणि तो पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे. आग लागली तर दोन्ही एकदमच जायची सोय. डबा अडला की अकोल्याच्या ‘सॉफ्टवेअरवाल्या’ला फोन जातो, तो म्हणतो गुरुवारी येतो, आणि गुरुवारपर्यंत संस्था कागदावर चालते. या डब्याला सर्व्हर म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? फरक इतकाच, की त्याला धनी नाही. गावातली विहिरीवरची मोटर जळाली तर गावातलाच पोरगा ती खोलतो, वाइंडिंग भरतो, दुसऱ्या दिवशी पाणी सुरू होतं. ‘मोटरचा कारखाना वाशिमात नाही, मग मोटर कायले शिकतं’ असं त्याला आजवर कुणी म्हटलेलं ऐकलं नाही.

आता क्लाऊड. हे तर इतक्या आत्मविश्वासानं सांगतात, जणू सर्व्हर विरघळून आभाळात गेले. क्लाऊड म्हणजे मुंबई-हैदराबादच्या इमारतींत रांगेनं लावलेली यंत्रं, आणि त्यांतल्या फार मोठ्या भागावर लिनक्सच. ज्या मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बॉल्मर यांनी २००१ साली लिनक्सला कॅन्सर म्हटलं होतं, त्याच मायक्रोसॉफ्टच्या क्लाऊडवर आज ग्राहकांचं निम्म्याहून अधिक काम लिनक्सवर चालतं, आणि हे ती कंपनी स्वतः सांगते. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी निघते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर आहे. ‘फुकटची वस्तू काय कामाची’ या प्रश्नाला एवढं पुरे. खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या आतही लिनक्सचाच गाभा आहे, तो फोन कानाला लावूनच हा प्रश्न विचारला जातो, ही गंमत वेगळी.

क्लाऊडवर गेल्यावर काही बघावं लागत नाही, या भाबडेपणाला उत्तर म्हणून गिटलॅबची गोष्ट सांगतो. जगभरचे प्रोग्रामर आपलं काम जिथं ठेवतात अशी ही क्लाऊडवर चालणारी कंपनी, नवशिक्यांची नव्हे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथला एक अनुभवी माणूस थकलेल्या डोळ्यांनी एक फोल्डर उडवायला गेला आणि दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवर तो हुकूम सोडून बसला. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. बॅकअप पाच प्रकारचे होते, कागदावर. प्रत्यक्षात रोजचा बॅकअप कितीतरी दिवस होतच नव्हता, कारण बॅकअप घेणारं साधन डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचं होतं. तो अपयशी ठरल्याच्या सूचना ईमेलनं जात होत्या, आणि त्या ईमेलही वाटेतच नाकारल्या जात होत्या. शेवटी कामी आली ती त्याच माणसानं सहा तास आधी, दुसऱ्याच कामासाठी, हातानं घेतलेली एक प्रत. सहा तासांचं काम गेलं ते गेलंच. कंपनीनं हे सगळं लपवलं नाही, दुरुस्तीसुद्धा लोकांसमोर केली, हे तिचं मोठेपण. मला त्यातून एवढंच विचारायचंय: क्लाऊडनं त्यांचं काय वाचवलं? बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही, तो परत उभा करून बघावा लागतो, आणि हे काम माणसाचं आहे. गिटलॅबला जे चुकलं नाही ते आपल्या पतसंस्थेला चुकेल?

आता माझा आवडता आक्षेप: इथं लाइन जाते. जाते ना! रोज जाते. म्हणून तर इथं शिकायचं.

अकोल्यातल्या जुन्या संगणकांच्या दुकानातून चार-पाच हजारांचा एखादा डबा आणा. पेनड्राइव्हवरून त्यात डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाका. दोन जीबी मेमरी असली तरी चालेल, सर्व्हरला रंगीत खिडक्या लागत नाहीत. त्यावर एक वेबसाइट उभी करा. चालली? शाबास. आता लाइन जाऊ द्या. परत आल्यावर बघा, डबा स्वतःहून सुरूच झाला नाही, कारण वीज आल्यावर उठायचं की झोपून राहायचं हे बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ मांडणीत, सांगावं लागतं आणि ते सांगितलेलं नाही. ते केलं, डबा उठला, तरी वेबसाइट गायब असू शकते. तेव्हा कळतं की सेवा ‘स्टार्ट’ करणं वेगळं आणि मशीन उठताना ती आपोआप उठावी म्हणून ‘इनेबल’ करणं वेगळं. तेही केलं. पुढच्या वेळी नवीन पॅकेज घ्यायला गेलात तर सर्व्हर सांगतो, ही यादी अजून वैध नाही. का? मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल मेलेला असतो, म्हणून लाइन गेली की मशीनचं घड्याळ दहा-पंधरा वर्षं मागं जातं, आणि यादीवरची आजची डिजिटल सही त्याला भविष्यातली वाटते. दहा-वीस रुपयांचा सेल आणि वेळ जुळवणारी एक सेवा, संपलं. पण त्या एका सेलपायी पोराला बायॉस, घड्याळ, सह्या आणि प्रमाणपत्रं हे सगळं एका धाग्यात कळून जातं. लिहिता लिहिता वीज गेली तर फायलींचं काय होतं, फाइल सिस्टिम आधी नोंद करून मग लिहिण्याचा खटाटोप कशासाठी करते, यूपीएसची बॅटरी संपायच्या आत सर्व्हरला नीट झोपवायचं कसं, हे ज्याच्या खोलीतली वीज कधी जातच नाही त्याला कोण शिकवणार? पुण्याच्या वातानुकूलित डेटा सेंटरमध्ये दोन वर्षं काढलेल्या माणसाला हे फक्त वाचून माहीत असतं.

एक अडचण इथं खरी आहे, ती सांगतो. घरच्या इंटरनेटला बहुतेकदा स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही. कंपनी एकच पत्ता अनेक घरांत वाटते. म्हणून घरातला सर्व्हर बाहेरच्या जगाला दिसत नाही. नसू दे. कॉलेजच्या आत, दवाखान्याच्या आत, शाळेच्या आत चालणाऱ्या सर्व्हरला बाहेरच्या जगाची गरजच नाही. मराठी विकिपीडिया किविक्स नावाच्या साधनानं अशा डब्यात भरून ठेवता येतो आणि मानोऱ्याच्या एखाद्या आश्रमशाळेत इंटरनेटशिवाय वाचता येतो. बाहेर दिसायचंच असेल तर महिन्याला काहीशे रुपयांत मुंबईतलं छोटं यंत्र भाड्यानं मिळतं. त्याचा लॉग, म्हणजे नोंदवही, पहिल्याच दिवशी उघडून बघा. तुम्हाला कुणी ओळखत नाही, तुमच्या वेबसाइटवर ‘नमस्कार’ एवढंच लिहिलंय, आणि तरी जगाच्या कानाकोपऱ्यातून ‘रूट’, ‘अ‍ॅडमिन’, ‘टेस्ट’ अशा नावांनी आत शिरायचे प्रयत्न चाललेले दिसतात, रात्रभर, मिनिटाला काही. सायबर सुरक्षेवरच्या व्याख्यानाला हार-तुरे घेऊन पाहुणे बोलावण्यापेक्षा तो लॉग पडद्यावर लावा.

इंग्रजीचा बाऊ तर अगदीच ऐकवत नाही. रोज लागणारे हुकूम चाळीस-पन्नास, तेही दोन-चार अक्षरांचे. ते इंग्रज माणसालाही पाठच करावे लागतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं लिनक्सचे धडे मराठी आवाजात केव्हाच करून ठेवलेत, फुकट. केरळच्या सरकारी शाळांतले संगणक दीड दशकाहून अधिक काळ लिनक्सवर चालताहेत, ती पोरं काही इंग्लंडात जन्मली नाहीत. राहिले चुकांचे संदेश, ते इंग्रजीतच येणार, आणि माझ्या मते यावेतही, कारण तोच संदेश जसाच्या तसा शोधला तरच उत्तर सापडतं. तणनाशकाच्या बाटलीवरचं बारीक इंग्रजी वाचून मात्रा ठरवणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला ‘परमिशन डिनाइड’ समजणार नाही?

मग येतं ब्रह्मास्त्र: एआय आहे ना! आहे. हुकूम लिहून देतो, बरेचदा बरोबरही देतो. पण सुडो, म्हणजे सगळे अधिकार, लावून एंटर कोण दाबतं? वेबसाइट उघडत नाही म्हटलं, की सगळ्या फायलींना ७७७ ही परवानगी लावा असा सल्ला इंटरनेटवर वर्षानुवर्षं फिरतोय, आणि एआय वाढलाय तो तेच वाचून. लावा ७७७, वेबसाइट उघडेल. त्याबरोबर त्या मशीनवरच्या कुणालाही काहीही लिहायची मोकळीक मिळेल. ज्याला वाचणं, लिहिणं आणि चालवणं या तीन परवानग्या समजल्यात त्यालाच हा सल्ला हाणून पाडता येतो. २०२४ च्या मार्चमध्ये आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दिसलं, की आपल्या मशीनवर एसएसएचनं, म्हणजे दुरून, आत जायला नेहमीपेक्षा जेमतेम अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्यानं ते सोडून दिलं नाही. खोदत गेला, तेव्हा एक्सझेड नावाच्या एका छोट्या, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असणाऱ्या साधनात कुणीतरी फार मोठ्या चिकाटीनं चोरदरवाजा पेरल्याचं उघड झालं. तो सगळीकडं पसरायच्या बेतात होता. अर्धा सेकंद! आपलं मशीन ज्याच्या हाताखालून रोज जातं त्यालाच असला उशीर खुपतो.

कॉलेजातून आणखी एक उत्तर येतं, आणि ते सगळ्यांत संतापजनक आहे. “आमच्या अभ्यासक्रमात लिनक्स आहेच की!” आहे. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आहे. निळ्या शाईनं हुकूम, काळ्या शाईनं त्याचं आउटपुट, मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेलं. त्यात तारीखसुद्धा मागच्या वर्षीची. शेवटी सही आणि शिक्का. लॅबला कुलूप, कारण संगणक खराब होतात. अशा जर्नलमधून बाहेर पडलेल्या पोराला डिस्क भरलेला सर्व्हर द्या. तो डिस्क किती भरली ते सांगणारा ‘डीएफ’ हुकूम चालवील, शंभर टक्के भरल्याचं बघेल, मोठी लॉग फाइल शोधून उडवील, पुन्हा ‘डीएफ’ चालवील, आणि अजूनही शंभर टक्केच बघून त्याला घाम फुटेल. कारण जो प्रोग्राम त्या फायलीत लिहीत होता त्यानं ती अजून धरून ठेवलेली असते; ती त्याच्या हातून सुटल्याशिवाय जागा मोकळी होत नाही. हे कुठल्या जर्नलमध्ये आहे? एकदा घाम फुटल्यावर हे जन्मभर विसरत नाही, आणि फुटायची सोयच तुम्ही कुलूप लावून बंद केलीत.

या सगळ्या आक्षेपांच्या तळाशी एकच गोष्ट आहे, ती कोणी बोलून दाखवत नाही. चालवणारे पुण्या-मुंबईचे आणि वापरणारे वाशिमचे, ही वाटणी मनातून मान्य झालेली आहे. एमएस-सीआयटीनं २००१ पासून लाखो लोकांना माऊस धरायला शिकवलं, ते चांगलंच केलं. पण गावोगाव वापरणारे तयार करून आपण तिथंच थांबलो. १९९१ साली हेलसिंकीत लिनस टॉरवाल्ड्स नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी हप्त्यानं घेतलेल्या संगणकावर लिनक्स लिहीत होता. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकनं ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, अमेरिकेनं क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यावर. त्या कामाचे प्रमुख विजय भटकर कुठले? अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. वाशिम तेव्हा अकोल्यातच होतं. मुरंब्यात महासंगणक नाही, मग कायले शिकतं, असं त्यांना कुणी पटवलं नाही हे आपलं नशीब.

आणि लहान गावाला हे झेपत नाही म्हणणाऱ्यांसाठी न्यूझीलंडचं होरोव्हेनुआ. छोटासा ग्रामीण जिल्हा, वाशिमच्या १२ लाखांपुढं चिमूटभर वस्ती. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाची जुनी प्रणाली सन २००० उजाडताच बंद पडणार होती. बड्या कंपनीकडून नवी विकत घेण्याऐवजी त्यांनी एका छोट्या चमूकडून लिनक्सवर चालणारी स्वतःची करवून घेतली, ३ जानेवारी २००० ला ती सुरू झाली, आणि सगळ्या जगाला फुकट देऊन टाकली. तीच कोहा. आज भारतातल्या कितीतरी विद्यापीठांची आणि महाविद्यालयांची ग्रंथालयं तिच्यावर चालतात.

तेव्हा जिल्ह्यातल्या कुठल्याही एका प्राचार्यांकडं माझी मागणी आहे. लॅबमधलं, खराब म्हणून बाजूला काढलेलं एक मशीन द्या. त्याचा रूटचा, म्हणजे सर्वाधिकाराचा, पासवर्ड दुसऱ्या वर्षाच्या चार पोरापोरींच्या हातात द्या, आणि दोघी तरी मुली असू द्या. त्यांना त्यावर डेबियन आणि कोहा टाकू द्या, आणि कॉलेजच्या ग्रंथालयाची देवघेव, खरीखुरी, वर्षभर त्यावर चालू द्या. पोरं बिघडवतील, म्हणता? बिघडवतीलच. कधीतरी ऐन परीक्षेच्या तोंडावर सकाळी अकराला पडदा काळा होईल, खिडकीपुढं रांग लागेल, ग्रंथपाल ओरडतील, चौघं लॉग उघडून घाम पुसत बसतील. प्राचार्यांनी त्या दिवशी फक्त एक करायचं. अकोल्याला फोन लावायचा नाही.